दगडावर दोन नावं

दादा, तुझा कलश मातीत ठेवून आठवडा झाला आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं. ते तसंच टाकून तू ड्रेस्डेनच्या ट्रामच्या थांब्यावर, एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात बेकरीची पिशवी घेऊन, कोसळलास. पन्नाशीही गाठली नव्हतीस. मी आखनहून निघून अख्खी जर्मनी आडवी कापत पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. अनघावहिनीनं दार उघडलं आणि म्हणाली, "वृंदा, त्याला भूक लागली होती गं. पिशवीतला ब्रेट्झेल अर्धा खाल्लेला होता." मला रडू आलं नाही, पण तो अर्धा ब्रेट्झेल अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता प्रश्न तुझ्या दगडाचा आहे. इथल्या फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत, प्रत्येक जागेवर नावाचा दगड बसवतात, आणि काय कोरायचं ते दगड घडवणारा कारागीर आम्हाला विचारतो आहे. तुझं नाव येणार, त्यात वाद नाही. वाद आहे तो शेजारच्या नावाचा. तुझ्या मुलीच्या नावाचा, जे तू कधी ठेवू दिलं नाहीस.

साताऱ्याच्या घरात जगाचा एक नकाशा होता, आठवतो? अगदी वरची पांढरी पट्टी दाखवून मी विचारलं होतं, इथे काय आहे? तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, काही नाही, छापताना शाई संपली. चौथीपर्यंत मी ते खरं मानत होते. शेवटी भर वर्गात बाईंना ते ज्ञान दिलं आणि हसं करून घेतलं. पुढे तू त्याच पांढऱ्या पट्टीवर पोट भरायला लागलास. पीएचडीला म्हणून ड्रेस्डेनला आलास आणि तिथेच राहिलास. माझ्यासारखे लोक इथे येऊन गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेतात, ते आईला शेजारणींना सांगता तरी येतं. "श्रीरंग नकाशावरची नावं तपासतो" हे मात्र तिला शेवटपर्यंत नोकरी वाटलं नाही. ती सांगायची, तो सर्व्हेत आहे.

आणि किती तन्मयतेनं सांगायचास ते सगळं! रशियाच्या उत्तरेला, बर्फाच्या समुद्रात, फ्रान्झ योसेफ लँड नावाचा बेटांचा पुंजका. तिथे कधी कोणी घर करून राहिलंच नाही, त्यामुळे त्या बेटांना कुणा आजीनं किंवा कुणा कोळ्यानं ठेवलेलं नाव नाही. जे पहिल्यांदा बोटी घेऊन पोचले त्यांनी आपल्या खिशातली नावं वाटली. एक सम्राट, मोहिमेला पैसे देणारे शेठ, ऑस्ट्रियातली गावं, कुणाची तरी भाची. जिथे गवताचं पातं शोधावं लागतं त्या बर्फाच्या ढिगाला क्लागेनफुर्ट म्हणायचं! मी म्हणायचे, उद्या मी गेले तर एकाला कोरेगाव म्हणेन. तू म्हणायचास, "नाही म्हणता येणार. नाव ज्याचं त्यानं ठेवायचं, आणि एकदा असलं की बदलायचं नाही."

हे तत्त्व तू लग्नातही चालवलंस. ताटात तांदूळ पसरून झाले, आत्यांनी अंगठी तुझ्या हातात दिली, नवीन नाव लिही म्हणाल्या, आणि तू सरळ 'अनघा' लिहिलंस. मंडपात कुजबुज. आत्या म्हणाल्या, अरे, हे तर तिचं आधीचंच आहे. तू म्हणालास, "जागा तीच आहे, नाव कशाला बदलू?" वहिनी तिथल्या तिथे म्हणाली, "मी काय रेल्वे स्टेशन आहे?" आणि सगळे हसले. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता, तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तुझा लाडका किस्सा म्हणजे एव्हा-लिव बेटाचा. एका दर्यावर्दीला लांबून दोन बेटं दिसली. एकाला त्यानं घरी ठेवून आलेल्या बायकोचं नाव दिलं, दुसऱ्याला तान्ह्या मुलीचं. पुढे कळलं की ती दोन नाहीतच, एकच बेट आहे. मग दोन्ही नावं जोडून लिहायची पद्धत पडली. वहिनीला सातवा लागला तेव्हा मी ड्रेस्डेनला आले होते. तू तिच्या पोटावर हात ठेवून हा किस्सा सांगत होतास, लांबून दोन, जवळून एकच. वहिनी म्हणाली, "श्री, मला लाथा कोण मारतंय मग?" मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते आणि मनातल्या मनात नाव घोळवत होते. कारण आत्या मी होते. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा होता, आणि आत्या ते नाव आधी कुणाला सांगत नाही. तू खोदून खोदून विचारलंस. मी म्हटलं, थांब की, शाई संपलेली नाही.

महिनाभरात फोन आला. बाळाचे ठोके थांबले होते. वहिनीला कळा देऊन, सगळं नीट करून, मेलेलं बाळ जन्माला घालावं लागलं. मी आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मुलगी होती. पूर्ण होती, नखंसुद्धा होती. हॉस्पिटलच्या दाईनं विचारलं, हिचं नाव काय लिहू? असं जन्मलेल्या बाळाचं नाव नोंदवता येतं इथे, आईवडिलांना हवं असेल तर. दाई भली होती. म्हणाली, घाई नाही, पण पुष्कळ आईबापांना त्यानं बरं वाटतं. तू म्हणालास, "नाइन. काइन नामे." नाव नाही.

वहिनी झोपेच्या औषधात होती. तिला विचारलं नाहीस. मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेलास आणि म्हणालास, "वृंदे, तुझ्यापाशी नाव असेल तर तुझ्यापाशीच ठेव. कुणाला सांगू नकोस."

"का?"

मग तू तो दुसरा किस्सा सांगितलास. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, कॉफीच्या मशीनशेजारी, डोळे सुजलेले असताना, तू मला नकाशा समजावत होतास. त्या बेटांच्या पहिल्या मोहिमेतल्या माणसांना अगदी उत्तरेच्या टोकावरून आणखी उत्तरेला डोंगर दिसले. थकलेली माणसं, धुकं, बर्फावरचा उजेड. त्यांनी त्या दोन जमिनींना नावं दिली, एक एका विद्वानाचं, एक एका राजाचं. नावं होती म्हणून ती नकाशावर गेली. नकाशावर होती म्हणून पुढचे लोक डोळे ताणून त्या दिशेनं बघत राहिले. तिथे काहीच नव्हतं, समुद्र आणि बर्फ. "नसलेल्या गोष्टीला नाव दिलं की माणूस तिला शोधायला जातो," तू म्हणालास. "अनघा आत्ता रडतेय ती झालेल्या गोष्टीसाठी. ते कधीतरी थांबेल. तू नाव दिलंस तर ती एका मुलीसाठी रडेल. ती आता चालायला लागली असती, आता शाळेत गेली असती, आता तिचे दात पडले असते. नाव असलेली मुलगी वाढत राहते, वृंदे. मी तिला तिथे जाऊ देणार नाही."

मी तुला काय बोलले ते तुला आठवत असेल. इथे लिहीत नाही.

तू तुझ्या परीनं प्रेमच करत होतास, हे मला कळत होतं. तरी मला तुझी चीड आली आणि अजून येते. नसलेली जमीन आणि मेलेली मुलगी एक नाही, दादा. आपली पोर नुसती लांबून दिसलेली नव्हती, ती झालेली होती. मी तिला हातात घेतलं होतं. तिचं वजन होतं.

लहान मुलांच्या भागात तू जागा घेतली नाहीस. तिथल्या भिंगऱ्या आणि टेडी तुला बघवले नाहीत. भिंतीकडेला भूर्जाच्या झाडाखाली साधी मोठ्यांची जागा घेतलीस आणि तिच्यावर काहीच बसवलं नाहीस. वहिनीनं तिथे एरिकाची झुडपं लावली. दर शनिवारी नळावरची हिरवी झारी भरून ती पाणी घालायची आणि तू लांब बाकावर बसायचास. इतकी वर्षं तुम्ही दोघं तिथे जात होतात आणि तिच्याबद्दल बोलताना 'ती' म्हणत होतात. कधी 'तेव्हा' म्हणायचात. "तेव्हा आपण जुन्या घरात होतो." मी ड्रेस्डेनला यायचे, आपण जेवायचो, भांडी घासताना मी विषय काढायचे आणि तू नळ मोठा करायचास.

शेवटचा फोन तर तुला पाठ असेल. मी म्हटलं, तू बाप आहेस की खोडरबर? तू हसलास. खरंच हसलास, थोडा वेळ. मग म्हणालास, "आल्झो, बरं, पुढच्या वेळी आलीस की बोलू. नीट बसून बोलू. ओके?" मी रागात फोन ठेवला. पुढच्या वेळी मी आले ती तुझ्यासाठी काळे कपडे बॅगेत घालून.

आईचं तुला सांगायला हवं. तिला प्रवास झेपणार नव्हता, व्हिसालाही वेळ नव्हता. ती व्हिडिओवर होती. तिची एकच मागणी, अस्थी साताऱ्याला आणा, माहुलीच्या संगमावर सोडू. मला वाटलं, रास्त आहे. कागदपत्रं केली तर नेता येतात. पण वहिनी म्हणाली, "आई, श्री इथेच राहील. तिथे ती एकटी आहे. तो तिच्याच जागेत राहील." आई म्हणाली, आणि तिचा मुलगा गेला होता, तिला दोष देऊ नकोस, "अगं, ती कोण? जिला साधं नाव नाही तिच्यासाठी माझा श्रीरंग तिकडे परक्या मातीत ठेवतेस?"

वहिनीनं फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मी आईला ओरडले. आई रडायला लागली. मग मी बाल्कनीत गेले. वहिनी खाली पार्किंगकडे बघत होती. म्हणाली, "त्यांचं चुकलं नाही. मी तरी तिला काय म्हणते? वृंदा, तू नाव ठरवलं होतंस ना?"

"हो."

"अजून आहे?"

मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, "मला हवंय. दगडावर हवंय. आईंना दाखवायला नाही. मला तिला एकदा हाक मारायचीय."

मी लगेच हो म्हणू शकले नाही, हे तुला कळावं म्हणून सांगते. इतकी वर्षं मी तुझ्याशी याच नावासाठी भांडले आणि ते मागितलं गेलं तेव्हा माझी जीभ उचलेना. तू जिवंत होतास तोवर तुझ्याविरुद्ध जाणं सोपं होतं. तू उलट बोलायचास, मी त्याहून मोठ्यानं बोलायचे. आता तू काही म्हणणार नाहीस. शिवाय वहिनी आता अगदी एकटी होती. तू म्हणत होतास तसं झालं, ती त्या नावामागे गेली आणि परत आली नाही तर तिला धरायला घरात कोण होतं? मी तिकडे आखनला, माझी नोकरी, माझी पोरं. मी म्हटलं, वहिनी, थोडे दिवस जाऊ दे. तिनं मान हलवली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कलश ठेवून झाल्यावर इथल्या रीतीप्रमाणे जवळच्या कॅफेत कॉफी आणि केक होता. तुझ्या ऑफिसची सात-आठ माणसं आली होती. त्यातली हाइके, तुझ्या शेजारच्या टेबलाची, आम्हा दोघींसमोर बसली. केक तिनं नुसता चिवडला. मग म्हणाली, श्रीरंगनं तुम्हाला लहान बेटाबद्दल सांगितलं होतं का?

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. आम्हाला काही माहीत नव्हतं.

हाइकेनं सांगितलं ते असं. त्या बेटांवरचा बर्फ मागे हटतो आहे. जिथे एकच बेट समजत होते तिथे हिमनदी वितळून मधे पाणी आलं, आणि टोकाचा एक तुकडा सुटा झाला. उपग्रहाच्या चित्रात तो तूच पहिल्यांदा पाहिलास. त्याला नाव नाही. नाव ठेवायचा हक्क रशियाचा, त्यांनी अजून ठेवलेलं नाही. आणि तुमच्या नकाशावर तो इतका बारीक येत होता की नियमाप्रमाणे वगळायला हवा होता. त्या मापात न बसणारी बेटं काढूनच टाकायची, नाहीतर नकाशा ठिपक्यांनी भरून जातो. हे वगळायचं काम तूच सगळ्यांना शिकवलंस. पण हा एक तुकडा तू वगळू देईनास. "आम्ही बैठकीत तीनदा भांडलो," हाइके म्हणाली. "मी म्हटलं, नावसुद्धा नाही याला, कुणाला कळणार आहे? तर म्हणाला, नाव नाही म्हणून नाही असं होत नाही. दास इस्ट डा. ते आहे. आणि त्यानं ते मापापेक्षा किंचित मोठं काढलं, डोळ्यांना दिसेल एवढं. असं तो कधीच करत नसे. मला वाटलं, असं का केलं ते तुम्हाला माहीत असेल."

वहिनीनं कप खाली ठेवला. "या," म्हणजे हो, ती जर्मनमध्ये म्हणाली. "या, मला माहीत आहे."

मला आधी राग आला, हे कबूल करते. घरात नळ मोठा करणारा माणूस ऑफिसच्या बैठकीत इतकं बोलत होता! वहिनीसमोर एकदा तरी म्हणायचंस, ते आहे. एवढ्या दोन शब्दांवर तिनं कितीतरी शनिवार काढले असते. मग कॅफेच्या बाथरूममध्ये जाऊन मी तोंडात रुमाल कोंबून रडले. तुझ्यासाठी पहिल्यांदा तेव्हा रडले. कारण मला कळलं की तूही तिथेच गेला होतास. तिला जाऊ द्यायचं नाही म्हणून दार लावलंस, आणि स्वतः आतल्या बाजूला राहिलास. इतकी वर्षं, बिनानावाच्या मुलीपाशी, एकटा. निदान दोघांनी मिळून तरी जायचं होतंत रे.

बाहेर येऊन मी वहिनीला म्हटलं, उद्या सकाळी फ्रीडहोफला जाऊ. नाव आधी तिला सांगायचं, मग दगडवाल्याला.

सकाळी थंडी होती. तुझ्यावरची माती अजून ओली होती आणि पुष्पचक्रांवरच्या फिती चिकटून गेल्या होत्या. कलशासाठी खणताना एरिकाचं एक झुडूप मोडलं होतं. पाळणा नव्हता, बायका नव्हत्या, घुगऱ्या नव्हत्या. मी कोट सावरून गुडघ्यांवर बसले. कुठे असेल तिचा कान, ते मला माहीत नव्हतं. अंदाजानं वाकले. माती नाकाला लागली. आणि मी जे इतकी वर्षं कुणाला बोलले नव्हते, अगदी तुलाही नाही, ते बोलले. सई. तुझं नाव सई. मी तुझी आत्या.

तुला माहीत आहे, आत्या कानात नाव सांगत असते तेव्हा मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, कुर्र करतात, हसतात. मी वाकलेलीच होते. मला वाटलं, झालं, आता उठू. तेवढ्यात पाठीत धपाटा बसला. हलका होता. मग दुसरा. वहिनी मागे उभी होती. तिनं "कुर्र" म्हणायचा प्रयत्न केला, तो निघेना. मग ती मारतच राहिली, जोरजोरात, जाड कोटातूनही लागत होतं, आणि मी तशीच वाकून राहिले. मार, म्हटलं. मार. तुझ्या वाटचे होते ते बहुतेक, दादा. मी घेतले.

मग ती थांबली. धाप लागली होती. मी उठले, तिला नाव सांगितलं. तिनं ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. दगडावर तुझ्या खाली नको, शेजारी हवं, म्हणाली. मी म्हटलं, शेजारीच. आणि हे तुला स्पष्ट सांगते, नाव मी परत घेणार नाही.

त्यानंतर तिनं हाक मारली. संध्याकाळी खेळायला गेलेल्या पोरीला जेवायला बोलवावं तशी, मोठ्यानं, ई लांबवून. "सई!" नळावर झारी भरणाऱ्या एका म्हातारीनं वळून बघितलं. भूर्जावरचा कावळा उडाला.

आणि वहिनी थांबली, दादा. हाक मारून माणूस थांबतो तशी, मान किंचित कललेली. मी म्हटलं, चल, गारठलीस. तिनं हातानं मला गप्प केलं. ती ऐकत होती. तू म्हणाला होतास तसंच झालं, अगदी तसंच.

मी तिचा हात धरला आणि तिच्याबरोबर वाट बघत उभी राहिले.